टिकली तोंड फिरवते तेव्हा

रांगतं बाळ घरात आलं की जमिनीला जी किंमत येते ती एरवी कधी येत नाही. पडदे, भिंतींचा रंग, टीपॉयवरची फुलदाणी यांच्याकडे कुणी बघत नाही. सोफ्याखाली काय सरकलंय, फ्रिजच्या मागे काय पडलंय, बाल्कनीच्या उंबऱ्याशी पाणी साचलंय का, हेच प्रश्न मोठे होतात. आमच्या कोथरूडच्या घरातली ही जमीन मात्र आधीपासून कुणाच्या तरी मालकीची होती. टिकली ही आमची गावठी कुत्री. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका, एक कान ताठ आणि एक अर्धा पडलेला. पलंगाखाली गारवा कुठे असतो, बाल्कनीतलं ऊन दुपारी कुठवर सरकतं, स्वयंपाकघरात कुठल्या कोपऱ्यात बसलं की पोळीचा तुकडा पदरात पडतो, हे सगळं तिला पाठ. मग लेक झाली. तिचं खरं नाव इथे लिहीत नाही, घरात ती छबू. पाळण्यातून ती दुपट्यावर आली, दुपट्यावर पालथी पडायला लागली, आणि आठव्या महिन्यात जी सुटली ती थेट टिकलीच्या राज्यात.

त्यानंतरचे महिने मला लिहून ठेवायचे आहेत. बाप म्हणून त्या दिवसांत मी जे शिकलो, त्यातलं निम्मंअधिक मी टिकलीच्या चेहऱ्याकडे बघून शिकलो.

टिकली आमच्याकडे आली ती एका पावसाळ्यात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरखाली भिजून बसलेलं पिल्लू होतं ते. घरात आणलं आणि आठवड्याच्या आत तिला पार्वो झाला, पिल्लांना होणारा आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना सांगायला नको. उलट्या, रक्ताची हगवण, आणि बघता बघता पिल्लाचा चिपाड होतो. डॉक्टर रोज सलाईन लावत होते. रात्री आम्ही नवरा-बायको आळीपाळीनं उठून सिरिंजनं तिच्या गालात थेंबथेंब पाणी सोडायचो आणि श्वास चालू आहे ना, हे अंधारात हात लावून बघायचो. पुढे छबू झाल्यावर रात्री उठून तिच्या पोटावर हात ठेवताना मला त्यात नवखेपण जाणवलं नाही. त्या हाताला ते काम माहीत होतं.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली एक दफन सापडलं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत पुरलेलं सहा-सात महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून संशोधकांनी अलीकडे असं अनुमान काढलंय की त्या पिल्लाला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा घातक विषाणूजन्य आजार झाला होता आणि तरीही ते काही आठवडे जगलं. कुणी ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, घाण पुसल्याशिवाय ते जगणं शक्य नव्हतं. आजारी पिल्लाचा शिकारीला उपयोग नाही आणि राखणीलाही नाही. तरी त्याच्यासाठी कुणीतरी रात्री उठत होतं. त्या दोन माणसांविषयी मला फार आपलेपणा वाटतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे बायको सातव्या महिन्यानंतर सांगलीला गेली. टिकलीला हे कोण समजावणार? संध्याकाळी बायकोच्या ऑफिसातून येण्याच्या वेळेला ती दाराशी जाऊन बसायची आणि दिवेलागणीनंतर उठून पाण्याच्या भांड्याकडे जायची. माझी आई वाईहून येऊन राहिली होती. ती म्हणायची, "बाळंतिणीची वाट बघणारं घरात कुणीतरी हवंच, ही बघतेय." छबू झाली आणि शनिवारी सांगली, रविवारी रात्री पुणे अशा माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. टिकलीच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, बाळ घरात येण्यापूर्वी बाळाचा वास घरात येऊ द्या. म्हणून दर खेपेला मी छबूचं वापरलेलं, न धुतलेलं दुपटं पिशवीत घालून आणायचो. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. दुपट्याला मला दूध आणि धुरीचा वास यायचा. टिकलीला त्यात काय काय कळत असेल याचा मी नुसता अंदाज करू शकतो. वेखंड, ओवा, बाळंतशोपा, खोबरेल, सासूबाईंचे हात, सांगलीच्या घराची माती आणि या सगळ्यांच्या तळाशी बायकोच्या अंगाचा ओळखीचा वास. पहिल्या दुपट्याशी ती बराच वेळ नाक लावून उभी राहिली. मग त्याच्याशेजारी बसली. त्याच्यावर बसली नाही, हे आईनं मला मुद्दाम दाखवलं.

छबू तीन महिन्यांची होत आली तेव्हा दोघी पुण्याला आल्या. त्या दिवशी आम्ही एक गोष्ट ठरवून केली. दारातच बायकोनं बाळ माझ्याकडे दिलं आणि ती आधी टिकलीला भेटली. महिनोन्‌महिने वाट पाहिलेलं जनावर होतं ते. तिचा आनंद ओसरेपर्यंत मी जिन्यातच उभा राहिलो. मग आईनं उंबऱ्याशी दोघींवरून भाकरतुकडा ओवाळला, पाण्याचं बोट डोळ्यांना लावलं. भाकरीच्या वासानं टिकली पुढे सरकली. आईनं तो तुकडा बाहेर नेऊन टाकला, हात धुतले, आणि आत येऊन टिकलीसाठी डब्यातली दुसरी भाकरी काढली. "दृष्ट काढलेलं तिला कशाला द्यायचं? ती काय बाहेरची आहे?" टिकलीला आमच्या घरात जागा मिळाली ती आम्ही पार्किंगमधून तिला उचललं तेव्हा, असं मी समजत होतो. आईपुरती ती त्या वाक्यात मिळाली.

पाळण्याचे दिवस तसे भराभर गेले. छबू रडली की टिकली आतल्या खोलीतून उठून यायची, पाळण्याखाली डोकावायची आणि मग आमच्याकडे बघायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "बघा, कशी राखण करते!" ऐकायला गोड वाटायचं, पण मला ते पटत नसे. मी तिच्याकडे नीट बघत होतो. ती जीभ नाकावरून फिरवायची, झोप नसताना जांभई द्यायची, कान मागे न्यायची. कुत्रं अस्वस्थ असलं की हेच करतं. त्या आवाजाचा तिला त्रास होत होता आणि तो कुणीतरी थांबवावा अशी तिची इच्छा होती. आपण तिला राखणदार ठरवून मोकळे झालो तर तिचा त्रास आपल्याला कधी दिसणारच नाही. मग आम्ही छबू फार रडायला लागली की घरातल्या एकानं बाळाकडे जायचं आणि दुसऱ्यानं टिकलीला घेऊन खाली चक्कर मारून यायचं, असं सुरू केलं. चक्कर मारताना सोसायटीतले काका विचारायचे, "आज अवेळी?" मी सांगायचो, "घरात रडारड चाललीय, हिला जरा हवा."

पण खरा काळ रांगण्याचाच.

रांगणारं मूल आणि कुत्रं यांच्या डोळ्यांची उंची जवळपास सारखी असते. आपण उभी माणसं घराकडे वरून बघतो. त्या दोघींना टेबलाची खालची बाजू दिसते, खुर्चीच्या पायाला लागलेली जळमटं दिसतात, दाराच्या फटीतून जिन्यात कुणाचे पाय आलेत ते आधी कळतं. छबू रांगायला लागल्यावर मी सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास जमिनीवर बसायला लागलो, पुष्कळदा आडवाच व्हायचो. त्या उंचीवरून टिकलीचा चेहरा मला पहिल्यांदा समोरासमोर दिसला. इतकी वर्षं मी तिला वरून थोपटत आलो होतो.

एका दुपारी टिकली झोपली होती. छबू तिच्यापर्यंत गेली आणि तिनं तो पडका कान मुठीत धरला. मी हाताच्या अंतरावर होतो. टिकलीनं आधी तोंड पलीकडे फिरवलं. छबूनं कान सोडला नाही. मग टिकलीनं डोळे असे वळवले की बुबुळाच्या कडेचं पांढरं दिसलं, अंग ताठ झालं आणि छातीतून एक खोल, बारीक गुरगुर आली. मी छबूची मूठ सोडवून तिला उचललं. टिकली उठली आणि डायनिंग टेबलाखाली जाऊन बसली.

त्या वेळी घरात पाहुणे होते. लगेच सुरू झालं, "आत्ताच सावध व्हा", "जनावर ते जनावर", "कुणाला तरी देऊन टाका, पोरीपेक्षा जास्त आहे का?" ही माणसं वाईट नाहीत, छबूच्या काळजीनंच बोलत होती. मी टिकलीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरगुरली ना? मग चांगली गोष्ट आहे. तिनं तुम्हाला सांगितलं. आता तिला त्याबद्दल ओरडू नका, मारू तर अजिबात नका. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी गुरगुरत नाही, सरळ चावतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आपल्याकडे कुत्र्याचं सगळ्यांत मोठं कौतुक कोणतं? "फार गरीब आहे हो, काही म्हणजे काही करत नाही. पोरं अंगावर बसतात, शेपटी ओढतात, हूं की चूं नाही." मोबाइलवर असे व्हिडिओ फिरतात, त्यांत बाळ कुत्र्याच्या पाठीवर चढलेलं असतं, मागे मोठी माणसं हसत असतात, आणि कुत्र्याचा चेहरा बघावा तर कान मागे, जीभ नाकावर, डोळ्यांच्या कडेला पांढरं. ते जनावर सांगतंय आणि कुणी ऐकत नाही. माझ्या घरात मला असं गरीब कुत्रं नको आहे. सांगणारं हवं आहे, आणि ऐकणारी माणसं हवी आहेत. टिकली त्या दुपारी तीन पायऱ्या चढून गुरगुरण्यापर्यंत आली होती. तोंड फिरवणं, डोळे वळवणं, अंग ताठ करणं या तिन्ही वेळा ती बोलत होती. चौथी पायरी यायची गरजच पडू नये, ही जबाबदारी माझी, हे मी तेव्हा मनाशी पक्कं केलं.

लहान मुलांना जे कुत्रे चावतात त्यांतले बहुतेक ओळखीचे, पुष्कळदा घरचेच असतात. आणि चावा बहुधा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो, कारण मुलाचा चेहराच कुत्र्याच्या तोंडाशी असतो. त्यातून पुन्हा लहान मुलांना कुत्र्याचा राग वाचता येत नाही. इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांना दात दाखवणाऱ्या कुत्र्याचे फोटो दाखवले तर त्यांतल्या कितीतरी मुलांनी तो हसतोय असं सांगितलं. मग वर्षाच्या आतल्या बाळानं काय ओळखावं? म्हणून आमच्याकडे एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. मोठं माणूस समोर नसेल तर छबू आणि टिकली एका खोलीत नाहीत. दाराची बेल वाजली तर दोघींतली एक माझ्याबरोबर दाराशी येते. दूध उतू जात असेल तर जाऊ दे. स्वयंपाकघराच्या दाराला आम्ही लाकडी फाटक लावून घेतलं. डायनिंग टेबलाखालची जागा टिकलीची ठरली. तिथे तिची गोधडी, तिथे छबूनं जायचं नाही, आणि आम्हीही तिथे हात घालून टिकलीला बाहेर ओढायचं नाही. ती तिथे गेली म्हणजे तिनं दार लावून घेतलं असं समजायचं.

रेबीजबद्दलही इथे लिहायला हवं, कारण आपल्या शहरात लहान मुलाच्या आईबापाच्या मनात ती भीती असतेच आणि ती खोटी नाही. एकदा लक्षणं दिसायला लागली की या रोगातून माणूस जवळजवळ वाचतच नाही. पण लक्षणांच्या आधी तो पूर्ण अडवता येतो. घरचं असो की रस्त्यावरचं, कुत्र्याचा दात लागला तर जखम लगेच साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. तडक दवाखाना गाठायचा आणि लशीचे सगळे डोस पुरे करायचे. आमच्या फ्रिजवर हे मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या. टिकलीची रेबीजची लस दरवर्षी, जंतांचं औषध दर तीन महिन्यांनी, महापालिकेचा परवाना वेळच्या वेळी. भिंतीवरच्या कालनिर्णयात एकाच पानावर छबूची गोवरची लस आणि टिकलीची तारीख अशा दोन्ही नोंदी आहेत. बायको छबूच्या नोंदी निळ्या पेननं करते, टिकलीच्या लाल.

आईच्या मनात दुसरीच धास्ती होती, केसांची. "पोटात जातील, दमा होईल." छबूच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की घरात कुणाला ॲलर्जी नसेल तर घाबरण्याचं कारण नाही, फरशी रोज पुसा, हात धुवा. मी स्वतः शोधून वाचलं तेव्हा फिनलंडमधला २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सापडला. ३९७ बाळांच्या पहिल्या वर्षाच्या त्यात नोंदी होत्या. ज्यांच्या घरात कुत्रा होता त्या बाळांना सर्दी-खोकला आणि कानाचे आजार तुलनेनं कमी झाले, अँटिबायोटिक्सही कमी लागली. एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये हे मला मान्य आहे आणि फिनलंडची हवा पुण्यात नाही. पण आईला वाचून दाखवल्यावर ती एवढं म्हणाली, "आमच्या वाईच्या वाड्यात गाई, म्हशी, कुत्री, मांजरं आणि पोरं सगळी एका अंगणात होती, आम्ही कुठे मोजदाद केली." त्यानंतर केसांचा विषय तिनंच काढला नाही. सकाळची फरशी मात्र ती स्वतः उभी राहून पुसून घेते.

जेवणाबद्दल कितीही लिहिता येईल. सहाव्या महिन्यानंतर उष्टावण झालं, पेज, मऊ भात, नाचणीचं सत्त्व असं एकेक सुरू झालं आणि टिकलीचा बसायचा कोपरा बदलला. छबूच्या उंच खुर्चीखाली ती अशी बसते की वरून पडलेलं काही जमिनीला लागू नये. आठव्या-नवव्या महिन्यात मुलं वस्तू खाली टाकतात आणि वाकून बघतात. नजरेआड झालेली वस्तू असते की नसते, हा त्यांचा मोठा शोध चाललेला असतो. छबूनं चमचा टाकला, चमचा खाली दिसला. वाटी टाकली, वाटी दिसली. पोळीचा तुकडा टाकला, तो नाहीसा झाला. तिनं पुन्हा चमचा टाकला, पुन्हा पोळी टाकली, आणि दोन्ही वेळा वाकून तितक्याच गंभीरपणे पाहिलं. पोळी नाहीशी होते आणि चमचा होत नाही, यामागे टिकली आहे हे तिला ज्या जेवणात उमगलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर ती चमचा टाकेनाशी झाली. आणि "भू" हा तिचा पहिला शब्द. आई-बाबा नंतर आले. बायकोला आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. दिवसभर समोर, आपल्याच उंचीवर जी असते, तिचं नाव आधी येणार.

इथे एक गोष्ट प्रत्येक घरानं लक्षात ठेवावी अशी आहे. बाळाला शौचाला खडा होतो म्हणून आपल्याकडे काळे मनुके भिजवून त्याचं पाणी देतात. आईही द्यायची. पण द्राक्षं, मनुके, बेदाणे कुत्र्याला विषारी. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यानं होतील याचा नेम नाही. छबूच्या वाटीखाली टिकलीचं तोंड कायम उघडं. मनुके घरात राहिले, पण झाकणाच्या डब्यात आणि ओट्यावर. आई ते फाटकाच्या आतच कुस्करते, गाळते, चोथा लगेच कागदात गुंडाळून टाकते. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट, कच्चा-शिजलेला कांदा, हे सगळं त्याच यादीतलं. सत्यनारायणाच्या पूजेला बोलावणाऱ्या शेजारच्या काकू आता आमच्या घरी पाठवायचा शिरा बेदाणे न घालता वेगळा काढतात. यापेक्षा मोठा शेजारधर्म मला माहीत नाही.

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. छबूला पहिल्यांदा दर्शनाला नेलं तेव्हा टिकली घरीच होती. आल्यावर आईनं पुडीतला भंडारा छबूच्या कपाळाला लावला आणि वाकून टिकलीच्या पांढऱ्या ठिपक्यावर लावला. खंडोबाबरोबर कुत्रं असतंच, दत्ताच्या पायाशी तर चार. आई हे समजावून सांगत बसत नाही. तिच्या दृष्टीनं त्यात समजावण्यासारखं काही नाही.

गणपतीच्या आधी महिना-दीड महिना पुण्यात संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. तो आवाज कोथरूडपर्यंत येतो. छबूला ढोल आवडतो. पहिला ठोका पडला की ती हात हलवत बुडावर उसळ्या मारते. टिकली त्याच क्षणी पलंगाखाली जाते. माणसाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,०००च्या आसपास. ताशाच्या कडकडाटात आपल्याला जे ऐकू येत नाही तेही तिला ऐकू येत असणार. एकीला नाचायचंय आणि दुसरी थरथरतेय, अशा संध्याकाळी बायको छबूला घेऊन गॅलरीत उभी राहते आणि मी खिडक्या लावून, पंखा मोठा करून पलंगाशी जमिनीवर बसतो. दिवाळीतही असंच. एखाद्याचा आनंद आणि एखाद्याची भीती एकाच घरात एकाच वेळी असू शकते, आणि दोन्हींना जागा करून द्यावी लागते. छबूला हे सांगायचं वय नाही. पण बाबा आज पलंगाशी का बसलाय, हे ती दारातून बघते.

सकाळी मी दोघींना घेऊन महात्मा सोसायटीच्या मागच्या टेकडीकडे जातो. छबू पोटाशी झोळीत, टिकलीची दोरी हातात. वाटेत गल्लीतली कुत्री लागतात, त्यांना टाळून पलीकडच्या फुटपाथवर जायचं. टेकडीवर येणारे आजी-आजोबा आधी छबूशी बोलतात, मग टिकलीशी, मग क्वचित माझ्याशी. पावसाळ्यात परत आल्यावर टिकलीच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधणं हे माझं काम. छबू शेजारी बसून बघते आणि आपल्या पायाची बोटं पुढे करते. मी तिचीही बेचकी तपासतो.

आणि मग एक दिवस छबू सोफा धरून उभी राहिली. थोड्याच दिवसांत सोफा सोडून चालायला लागली. ज्या उंचीवर दोघी एकत्र होत्या तिथून ती वर निघून गेली. टिकली काही दिवस जराशी बिचकून होती. रांगणारं बाळ कुठून येतं हे तिला कळत होतं, हे डुलत येणारं, मध्येच धपकन पडणारं मूल तिच्या हिशेबात नव्हतं. आम्ही पुन्हा जमिनीवर बसलो. छबूचा हात हातात घेऊन, तळवा उघडा, मूठ नाही, टिकलीच्या छातीपाशी नेऊन थांबायचं. टिकली पुढे आली तर हात लावायचा. तिनं तोंड फिरवलं तर हात मागे. "टिकलीला आत्ता नको." रोज, कितीतरी वेळा, कंटाळा न करता. ओरडून शिकवता येण्यासारखं हे नव्हतंच.

मग एकदा मी काहीही न बोलता छबू एकटी थांबली. मी खुर्चीत होतो. ती तळवा उघडा धरून टिकलीपर्यंत गेली, टिकलीनं मान पलीकडे वळवली, आणि छबूनं हात मागे घेतला. तिथेच खाली बसली, आपल्या लाकडी गाडीशी खेळायला लागली. समोरच्याचं "नको" तिनं ऐकलं. तिला शब्द येत होते मोजके, वाक्य एकही नाही. मी बायकोला हाक मारली, पण ती येईपर्यंत दाखवायला काहीच उरलं नव्हतं. एक मूल खेळत होतं आणि एक कुत्री झोपली होती.

यानंतर थोड्या दिवसांनी बायकोची मावशी आली, सांगलीहून. बारशाला पाळणा म्हटलेली, छबूवर जीव असलेली. आल्या आल्या तिनं दोन्ही हात पसरले, "ये, पापी दे मला." छबूनं तोंड फिरवलं. मावशी पुढे झाली, "अगं, मी आजी ना तुझी?" छबू माझ्या पायाशी आली आणि तिनं पुन्हा तोंड फिरवलं. "देऊन टाक गं, एक द्यायला काय जातंय," मावशी म्हणाली, आणि मला म्हणाली, "द्या इकडे तिला."

मी छबूला उचलून दिलं नाही. "मावशी, तिला आत्ता नकोय. थोडं थांबूया, येईल ती," म्हटलं. वयानं मोठ्या, मायेच्या माणसाला असं सांगणं आपल्याकडे सोपं नसतं. मावशीचा चेहरा उतरला. माझ्याही मनाला ते लागलं. पण टिकलीनं मान वळवली की हात मागे घ्यायचा हे ज्या मुलीला मी रोज शिकवतोय, तिनं स्वतः मान वळवल्यावर तिला कुणाच्या तरी हातात कसं द्यायचं? मी हे मावशीला जसंच्या तसं सांगितलं. टेबलाखालची जागा दाखवली, तळव्याची गोष्ट सांगितली, गुरगुरण्याचीही सांगितली. बायको चहा घेऊन आली आणि तिच्याशेजारी बसली. मावशी चहा होईपर्यंत काही बोलली नाही. तिला कुत्र्यांची जन्मापासून भीती. आमच्याकडे आली की ती पाय वर घेऊन बसते. टिकली तेवढ्यात टेबलाखालून निघून तिच्या खुर्चीपासून जरा लांब येऊन बसली होती.

"मग हिला हात लावायचा तर कुठे लावायचा?" मावशीनं विचारलं. "डोक्यावरून फिरवू?"

"डोक्यावरून नको," मी म्हटलं. "वरून हात आला की घाबरते. गळ्याखाली, छातीला खाजवा. आणि आधी हात नुसता धरा, ती येते का बघा."